मऊ पडलेल्या चकल्या

दिवाळीत कंपनी बंद झाली की आम्ही सातपूरहून थेट शिरपूरजवळचं गाव गाठायचो. त्या वर्षी आई गेली होती, घरात सण नव्हता. कॉलनीतली मंडळी फराळ वाटायला हरसूलकडे निघाली होती, त्यांच्यात घुसलो. सेवाभाव वगैरे काही नाही, घर खायला उठलं होतं. त्या फेरीत मला कळलेल्या गोष्टी या:

१. शेजाऱ्याचं गाव मला वीस वर्षांनी कळलं. तो फर्स्ट शिफ्टला, मी नाईटला. जिन्यात मान हलवायची आणि सुटायचं. चिवड्याची पाकिटं भरताना कळलं, तो पारोळ्याचा. एमआयडीसी आली तशी आमच्यासारखी किती माणसं खानदेशातून इथे आली! मग दोन तास अहिराणीच चालली. बायको म्हणाली, "घरात इतकं बोलत नाही तुम्ही."

२. देण्यात मी किती चिकट आहे, हे चकल्यांनी दाखवलं. आमच्याकडे तळण नाही म्हणून शेजारपाजारच्यांनी डबे आणून दिले होते. त्यातल्या मऊ पडलेल्या चकल्या मी निवडून वाटपाच्या पिशवीत घातल्या. समोर बसलेल्या ताईंनी पिशवी उघडली आणि स्वतःच्याच चकल्या ओळखल्या. काही बोलल्या नाहीत. हसल्या, तेच जास्त लागलं.

३. आपल्या सुट्टीवर सगळ्यांची दिवाळी चालते, असं मी धरूनच चाललो होतो. वाघेरा घाट चढून पाड्यावर पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी; माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत गेलेली. सण तर त्यांनी वाघबारसेलाच वाघदेवाला नैवेद्य दाखवून सुरू केला होता. आम्ही भाऊबिजेला पोचलो! उरलेली मंडळी नागली कापत होती. पाकीट देतानाचा फोटो काढायला मीच पुढे. एका आजींनी तो काढू दिला आणि मग विचारलं, "जेवला का?" नागलीची भाकरी, उडदाचं भुजं. आम्ही अकरा जण जेवलो. त्यांच्या घरात रात्रीसाठी काय उरलं असेल, हे मला परत घाट उतरताना सुचलं.

४. मला तिथे ओळखणारं कुणी असेल, असं वाटलं नव्हतं. त्या आजींचा नातू म्हणाला, "काका, तुम्ही आयटीआय सिग्नलजवळच्या टपरीवर येता ना? बिनसाखरेचा." तो आमच्या शेजारच्या कंपनीत कंत्राटावर होता, सुट्टीला घरी आला होता. वर्षभर आम्ही एकाच बाकावर चहा पीत होतो. माझी साखर त्याला माहीत होती; मला त्याचा चेहराही आठवेना.

आता त्या टपरीवर दोन चहा सांगतो. यंदा वाघबारसेच्या आधीच्या रविवारी निघायचंय, तारीख त्यानेच ठरवलीय. टेम्पोत दोन जागा आहेत. येणार असाल तर चकल्या कडक आणा, ताई तपासतात.