मिग : एका विमान-रचना कार्यालयाची वाटचाल

'मिग' हे नाव वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. परंतु ते मुळात दोन माणसांच्या आडनावांपासून बनलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मिकोयान यांचा 'म', गुरेविच यांचा 'ग' आणि त्या दोघांना जोडणारे रशियन उभयान्वयी अव्यय 'इ', म्हणजे आपले 'आणि'. असा हा शब्द तयार झाला.

प्रस्तुत लेखात विमानांच्या पराक्रमापेक्षा ती घडविणाऱ्या कार्यालयाचा इतिहास मांडण्याचा माझा विचार आहे. विमान विकत घेता येते, परवाना घेऊन त्याचा कारखानाही उभारता येतो. परंतु नवे विमान रचण्याची विद्या अशी आयती मिळत नाही, असे माझे मत आहे. मिगचा इतिहास त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

डिझाइन ब्यूरो म्हणजे काय?

सोव्हिएत संघात विमानाची रचना करणारे कार्यालय आणि विमान बनविणारा कारखाना या दोन वेगळ्या संस्था असत. कार्यालयाला 'डिझाइन ब्यूरो' म्हणत. तेथे आराखडे तयार होत, एक-दोन नमुना विमाने बनत व त्यांच्या चाचण्या होत. नमुना पसंत पडला की सरकार तो गॉर्की येथील किंवा अन्य कारखान्यांत मोठ्या संख्येने बनवून घेई. वायुगतिकीचे मूलभूत संशोधन 'त्सागी' या मध्यवर्ती संस्थेत चाले, तर इंजिनांसाठी क्लिमोव, तुमान्स्की इत्यादींचे स्वतंत्र ब्यूरो होते. लढाऊ विमानांच्या कामात याकोवलेव, लावोच्किन, सुखोई आणि मिकोयान यांचे ब्यूरो एकमेकांशी स्पर्धा करीत. देश साम्यवादी असला तरी या क्षेत्रात चुरस होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दोन संस्थापक

आर्तेम मिकोयान यांचा जन्म १९०५ साली आर्मेनियातील सनाहिन या खेड्यात एका सुताराच्या घरी झाला. तरुणपणी त्यांनी कारखान्यात लेथवर काम केले व पुढे झुकोव्स्की हवाई दल अकादमीत शिक्षण घेतले. त्यांचे थोरले बंधू अनास्तास हे सोव्हिएत सरकारातील बडे मंत्री होते. या नात्याचा काहीच उपयोग झाला नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण नात्याच्या बळावर विमान आकाशात टिकत नाही, हेही तितकेच खरे.

मिखाइल गुरेविच त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी वडील. खारकोव विद्यापीठात गणित शिकत असताना क्रांतिकारी चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना काढून टाकण्यात आले. मग ते फ्रान्समधील माँपेलिए येथे शिकले आणि अखेर मायदेशी येऊन अभियंता झाले. मिकोयान प्रमुख आणि गुरेविच उपप्रमुख अशी ही जोडी १९३९ च्या डिसेंबरात मॉस्कोत जमली. त्या वेळी प्रख्यात रचनाकार पोलिकार्पोव जर्मनीच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या कार्यालयातील काही माणसे आणि एका विमानाचा कच्चा आराखडा या नव्या विभागाकडे सोपविण्यात आला. त्यातूनच 'मिग-१' व 'मिग-३' निघाले. म्हणजे आरंभी हातात होते ते दुसऱ्याचे काम.

मिग-३ सात हजार मीटरहून अधिक उंचीवर ताशी ६४० किलोमीटर वेग गाठे. परंतु १९४१ साली जर्मनीशी सुरू झालेल्या युद्धात बहुतेक झुंजी कमी उंचीवर झाल्या आणि तेथे हे विमान जड पडे. शिवाय त्याचे इंजिन ज्या कारखान्यात होई, तेथेच इल्युशिनच्या 'श्तुर्मोविक' विमानाचेही इंजिन बनत असे. सरकारने श्तुर्मोविकला अग्रक्रम दिला आणि तीन हजारांवर विमाने झाल्यावर मिग-३ चे उत्पादन थांबले. उत्तम विमानही इंजिनाअभावी बंद पडते, हा पहिला धडा.

परके इंजिन आणि मिग-१५

महायुद्धानंतर जेटयुग आले. मिग-९ या जेटचे पहिले उड्डाण २४ एप्रिल १९४६ रोजी झाले, पण त्याची इंजिने म्हणजे जर्मन बीएमडब्ल्यूची नक्कल होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मिकोयान व इंजिनतज्ज्ञ क्लिमोव ब्रिटनला गेले. तेथील मजूर पक्षाच्या सरकारने रोल्स-रॉइसची 'नीन' इंजिने विकण्यास परवानगी दिली होती. सोव्हिएत तंत्रज्ञांनी नीनची हुबेहूब प्रतिकृती केली, एवढेच असते तर ही कथा नकलेची ठरली असती. पण क्लिमोव यांच्या ब्यूरोने त्यावर काम करून अधिक शक्तीचे 'व्हीके-१' इंजिन तयार केले. नक्कल ही त्यांच्या दृष्टीने शाळा होती, मुक्काम नव्हे.

नीन इंजिनासाठी घडविलेले मिग-१५ डिसेंबर १९४७ मध्ये उडाले. त्याचे पंख सुमारे ३५ अंशांनी मागे वळविलेले होते. यामागील तत्त्व आपल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात समजण्यासारखे आहे. हवेच्या वेगाचा पंखाच्या कडेला लंब असलेला घटकच मुख्यत्वे पंखावरील दाब ठरवितो. ३५ अंशांचा कोसाइन सुमारे ०.८२. म्हणजे विमान ज्या वेगाने जाते, त्याच्या सुमारे ८२ टक्केच वेग पंखाला 'जाणवतो' आणि ध्वनिवेगाच्या जवळ येताना होणारा रोध लांबणीवर पडतो. १९५० च्या नोव्हेंबरात कोरियाच्या आकाशात हे विमान अवतरले, तेव्हा पाश्चात्त्यांना धक्का बसला. त्याच्याशी सामना करण्यासाठी अमेरिकेला आपली 'सेबर' विमाने पाठवावी लागली.

मिग-२१ आणि नाशिक

मिग-२१ च्या वेळी ब्यूरोने मागे वळलेले पंख आणि त्रिकोणी पंख असे दोन्ही नमुने १९५५-५६ च्या सुमारास प्रत्यक्ष उडवून पाहिले व त्रिकोणी पंख स्वीकारले. नाकातील पुढे-मागे सरकणारा शंकू हे त्याचे वैशिष्ट्य. इंजिनाला ध्वनीपेक्षा कमी वेगाची हवा लागते. शंकूमुळे आघाततरंग योग्य जागी निर्माण होऊन आत येणारी हवा मंदावते. साधी बांधणी, कमी खर्च आणि ध्वनीच्या दुप्पट वेग या गुणांमुळे सोव्हिएत संघातच दहा हजारांवर मिग-२१ बनली.

भारताने १९६२ साली याचा करार केला. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. ओझरला साडेसहाशेच्या वर मिग-२१ तयार झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर निवासावर हल्ला केला तो याच विमानांनी. पुढे ती जुनी झाली, अपघात वाढले, अनेक तरुण वैमानिक आपण गमावले. एकच इंजिन, उतरतानाचा मोठा वेग आणि प्रगत जेट प्रशिक्षण विमानाचा दीर्घकाळ अभाव ही त्यामागची काही कारणे. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगढ येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला.

उतरती कळा

मिकोयान १९७० साली वारले, गुरेविच १९७६ साली. त्यानंतरही बेल्याकोव यांच्या नेतृत्वाखाली ब्यूरो चालू राहिला, कारण तो दोन व्यक्तींवर नव्हे तर शिकविलेल्या माणसांवर उभा होता. मिग-२५ हे गुरेविच यांनी स्वतः लक्ष घातलेले शेवटचे विमान. प्रचंड वेगाने होणाऱ्या उष्णतेत ॲल्युमिनियम टिकत नाही आणि टायटॅनियम जोडणे कठीण, म्हणून ते मुख्यतः निकेलयुक्त पोलादाचे केले. १९७७ साली याच जातीच्या विमानाने ३७,६५० मीटर उंची गाठली. त्याच वर्षी मिग-२९ प्रथम उडाले. त्याची नौदलासाठीची आवृत्ती गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर आली.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला व सरकारी मागणी आटली. सुखोईला चीन व भारताची मोठी मागणी मिळाली, मिगला तेवढी मिळाली नाही. ओझरच्या कारखान्यातही पुढे सुखोई-३० विमाने बनू लागली. २००६ साली रशियाने विमानकंपन्या एका महामंडळाखाली आणल्या आणि २०२२ साली मिग व सुखोई या दोन्ही कंपन्या त्यात विलीन झाल्या.

आपल्यासाठी बोध

बेळगावच्या एका बाजूस नाशिक आहे, दुसऱ्या बाजूस बेंगळुरू. नाशिकला आपण परक्याचे विमान उत्तम बनविण्यास शिकलो. बेंगळुरूला जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' हे आपले विमान रचले गेले व १९६१ साली उडाले. पण त्याला हवे तेवढ्या शक्तीचे इंजिन कधीच मिळाले नाही आणि मरुतची परंपरा तेथेच खुंटली. २००१ साली उडालेल्या 'तेजस'च्या पोटातही अमेरिकन इंजिनच आहे. आपले 'कावेरी' त्यात बसू शकले नाही.

परवान्यासोबत येणारे नकाशे एखादा भाग कसा बनवावा हे सांगतात. तो तसाच का असावा, हे सांगत नाहीत. मिकोयान-गुरेविच यांनी नीन इंजिन घेतले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'का'चा पाठपुरावा केला. आम्ही मिग-२१ घेतले, तेव्हा बहुतांशी 'कसे' यावरच थांबलो. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रामुळे निळा गणवेश आपल्या परिसरात नवा नाही, आणि तो चढविण्याची इच्छा बाळगणारे विद्यार्थीही प्रतिवर्षी भेटतात. त्यांचे कौतुकच आहे. परंतु विमान चालविणाऱ्यांच्या बरोबरीने विमान रचणारे, विशेषतः इंजिन रचणारे, विद्यार्थीही आपल्या महाविद्यालयांतून निघाले पाहिजेत. त्यासाठी प्रयोगशाळेत तयार उत्तर उतरवून घेण्याची सवय आधी सोडावी लागेल.