सेल्फ 'कट्' करतो, फिरत नाही

प्रश्न : जुना छोटा डिझेल ट्रॅक्टर उघडून, रंगवून उभा केला. बॅटरी नवी, हेडलाइट लख्ख. चावी फिरवली की सेल्फ नुसता 'कट्' करतो. सेल्फ बदलू का? (एक वाचक, खडकी)

उत्तर : एवढ्यात नको. मला संशय तुमच्या रंगाचाच आहे. बॅटरीची ऋण केबल चॅसिसला जिथे बोल्टने आवळली आहे, तिथे पत्र्यावर प्रायमर आणि रंग बसला असणार, आणि रंगातून वीज नीट जात नाही. मग दिवा कसा लागतो, असे तुम्ही म्हणाल. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, सांध्यात ०.०२ ओहम अडथळा असला तरी ०.१ व्होल्टच गळतो, डोळ्याला कळतही नाही. सेल्फला मात्र दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. तिथे तोच अडथळा तीन-चार व्होल्ट खातो. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर हलत नाही.

खात्री करायची तर गिअर न्यूट्रलला ठेवा, डिझेल बंद करा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर केबल सोडवून जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या खडकीत हे सांगायला नको, पण हँडल मारून चालणाऱ्या जुन्या इंजिनांना ही कटकटच नव्हती! आकडा कमी आला, तर हीच तपासणी धन केबलवर करा. तीही निर्दोष निघाली, तरच सेल्फ उघडून कार्बन ब्रश पाहा.