मायलेज, माइल्स आणि आईच्या पाटल्या

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटमधून आलोय. मराठीत काही चुका झाल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे. इंग्रजीचा मात्र मला जरा गर्वच होता. तो गेल्या सेमिस्टरला उतरला.

झालं असं की ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात विमान कंपनीच्या बक्षीस योजनेवर एक उतारा होता. माझा रूममेट बीडकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्याने विचारलं, "अक्रू म्हणजे काय रे?" मी ऐटीत म्हटलं, "कलेक्ट." तो म्हणाला, "मग सरळ कलेक्ट का नाही लिहिलं लेका?" मी गप्प! उच्चार चोख, पण अर्थ सांगता येईना. मग दोघं डिक्शनरी घेऊन बसलो. त्यातून निघालेला हा धडा.

मायलेज : आपण बाइकला 'ॲव्हरेज किती देते?' विचारतो, तेच मायलेज. पेपरात नेत्यांना 'राजकीय मायलेज' मिळतं. पण मूळ अर्थ आहे मैलामागे मिळणारा प्रवासभत्ता. पुढे १९व्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या 'मायलेज बुक' विकायच्या. हजार मैलांची कुपनं एकदम घ्यायची आणि प्रवास होईल तेवढी कंडक्टरने फाडून घ्यायची. थोडक्यात, आपलं मेसचं कूपन बुक!

आपल्या रेल्वेचं भाडंही अंतरावरच असतं, पण ते 'टेलिस्कोपिक' असतं. म्हणजे अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो. म्हणून मुंबई ते नागपूर हे एकच तिकीट, भुसावळला तोडून काढलेल्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.

अक्रू : कलेक्ट आपण करतो, अक्रू आपोआप होतं. मी हे सांगितल्यावर रूममेट म्हणाला, "म्हणजे व्याज चढतं तसं." अगदी बरोबर! बँकेच्या भाषेत व्याजालाही 'अक्रू' होणंच म्हणतात.

टिअर : म्हणजे थर किंवा पायरी. सिल्व्हर, गोल्ड अशा मेंबरशिपच्या पायऱ्या असतात. हा शब्द आपण ट्रेनमध्ये रोज वापरतो, फक्त 'थ्री टायर' म्हणतो.

लॅप्स आणि फॉरफिट : इथे ऑब्जेक्टिव्हचे मार्क हमखास जातात. मुदत संपून गेलं ते लॅप्स, जशी न घेतलेली रजा बुडते. नियम मोडला किंवा अट पुरी केली नाही म्हणून गेलं ते फॉरफिट, जसं निवडणुकीत डिपॉझिट जप्त होतं.

रिडीम : हा शब्द मी शाळेच्या प्रार्थनेत दहा वर्षं ऐकला. 'रिडीमर' म्हणजे तारणारा, एवढं पाठ. लॅटिन मुळात अर्थ आहे परत विकत घेणे. मी म्हटलं, "गहाण वस्तू पैसे भरून सोडवतात, तेही रिडीमच." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फर्स्ट इयरच्या फीसाठी आईच्या पाटल्या ठेवल्या होत्या. दिवाळीला सोडवल्या. म्हणजे आम्ही रिडीम केल्या म्हण की." माझ्या दहा वर्षांच्या इंग्रजीत हे वाक्य कधी आलं नव्हतं.

आता थोडा इतिहास. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'ॲडव्हांटेज' योजना सुरू केली. जेवढे मैल उडाल, तेवढे खात्यावर. नंतर खरेदीवरही माइल्स मिळू लागले. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स यांनी एका ऑफरचं गणित मांडलं आणि साधारण पंचवीस सेंटचा एक असे १२,१५० पुडिंगचे कप घेतले. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्च, आणि मिळाले सुमारे साडेबारा लाख माइल्स! हे गृहस्थ सिव्हिल इंजिनिअर होते, ही गोष्ट आमच्या मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी अशी आहे.

पुढे कंपन्याही शहाण्या झाल्या. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६ मध्ये अमेरिकन, आणि २०२४ मध्ये आपली एअर इंडिया यांनी अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या पैशावर हिशोब सुरू केला. अमेरिकन कंपन्यांच्या योजनेत 'माइल' हा शब्द राहिला, त्यातला मैल मात्र गेला. म्हणून परीक्षेत 'माइल्स' दिसले की अंतर समजू नका, आधी वाक्य वाचा.

स्वाध्याय (योग्य शब्द भरा)
१) मेसची कुपनं ३० तारखेनंतर ____ होतात.
२) लॅबमधलं बीकर फोडलं, म्हणून डिपॉझिट ____ झालं.
३) एफडीवर व्याज ____ होतं.
(उत्तरे : लॅप्स, फॉरफिट, अक्रू)

त्या उताऱ्यावर पाच प्रश्न होते. त्याचे पाचही बरोबर आले, माझे चार. शब्द मला येत होते, पण त्यांचे अर्थ त्याच्या घरात होते. आता रोज रात्री आम्ही असेच पाच शब्द घेतो. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे अजून ठरलेलं नाही.