डिगबोई : हत्तीची गोष्ट आणि तेलाचा खरा इतिहास

'भारतातील पहिले तेलक्षेत्र कोणते?' असं विचारलं की आपण 'डिगबोई, आसाम' असं लिहून मोकळे होतो. फार तर एक गोष्ट सांगतो. लाकडं ओढणाऱ्या हत्तीच्या पायाला तेल लागलेलं दिसलं आणि साहेब ओरडला, 'डिग, बॉय, डिग!' म्हणजे 'खण पोरा, खण!' गोष्ट मजेदार आहे, पण ती दंतकथा आहे. खरा इतिहास चिकाटीचा आहे.

तेल आधीच माहीत होते
1825 च्या सुमारासच इंग्रज अधिकाऱ्यांनी बुऱ्ही दिहिंग नदीकाठी तेल झिरपत असल्याची नोंद केली होती. 26 मार्च 1867 रोजी माकुमजवळ 118 फुटांवर तेल लागलंही. पण नुसतं तेल लागून भागत नाही. घनदाट जंगलातून ते न्यायचं कसं? तेव्हा व्यापार काही उभा राहिला नाही.

रेल्वे आली
1881 मध्ये आसाम रेल्वे अँड ट्रेडिंग कंपनी स्थापन झाली. तिला हवा होता कोळसा आणि चहाची वाहतूक. आपल्याकडेही वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला रेल्वे गेली ती कोळशासाठीच. आसामात मात्र या रेल्वेमुळे तेलाचाही मार्ग खुला झाला. कंपनीचे अभियंता डब्ल्यू. एल. लेक यांच्या पुढाकाराने सप्टेंबर 1889 मध्ये खोदकाम सुरू झालं. नोव्हेंबर 1890 मध्ये 662 फुटांवर पहिली विहीर पूर्ण झाली. म्हणजे एका विहिरीला वर्षाहून जास्त काळ लागला!

1899 मध्ये आसाम ऑइल कंपनी निघाली. 11 डिसेंबर 1901 रोजी डिगबोईची रिफायनरी सुरू झाली. ती आजही चालू आहे. तेव्हा मोटारी दुर्मीळ होत्या. मुख्य मागणी दिव्याच्या रॉकेलची. 'रॉक ऑइल' म्हणजे खडकातले तेल, त्यावरूनच आपला 'रॉकेल' शब्द आला. 1981 मध्ये हा उद्योग सरकारच्या ताब्यात आला.

मग वर्ध्यात तेल का नाही?
जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. गाळाच्या खडकातील जैविक अवशेष दाब व उष्णतेने बदलून तेल बनते. ते वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत साठते. वरचा घट्ट खडकाचा थर त्याला अडवून धरतो. डिगबोईला थरांना घडी पडल्यामुळे तेल अडकून राहिले. आपल्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी लाव्हापासून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. लाव्हारसातून तेल बनत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यात पुढे कोळसा मिळतो, तो गोंडवन काळातील गाळाच्या थरांत.

म्हणून परीक्षेत फक्त 'डिगबोई' लिहून थांबू नका. तेल असणं, ते सापडणं आणि ते घरातल्या दिव्यापर्यंत पोहोचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वाध्याय
1. 1867 मध्ये तेल लागूनही उद्योग का उभा राहिला नाही?
2. बेसाल्ट आणि वालुकाश्म यांतील फरक लिहा.
3. घरातील आजी-आजोबांना रॉकेलच्या दिव्याबद्दल विचारा व पाच ओळी लिहा.