शहरातली लहान खोली

आमच्या गावच्या तात्यांची जमीन कालव्यात गेली. मोबदल्याचा दावा वर जात जात मुंबईच्या हायकोर्टात पोचला. २०१८ सालच्या हिवाळ्यात वकिलांचा निरोप आला, की मूळ कागद घेऊन सकाळी साडेदहाला कोर्टात हजर राहा. तात्यांनी आम्हाला बरोबर घेतले. चाळीस वर्षे शाळा चालवलेल्या माणसाचे शहरात काही अडायचे नाही, अशी त्यांची समजूत. खरे सांगायचे तर आमचीही तीच समजूत होती.

कराडहून कोयना एक्स्प्रेसने निघालो. उतरायचे कुठे, हा प्रश्न. कोणीतरी सांगितले होते, की कल्याणच्या पुढे स्वस्तात लॉज मिळतो. म्हणून कल्याणलाच उतरलो आणि लोकलने आणखी दोन स्टेशने गेलो. पाचशे रुपयांत ऐसपैस खोली मिळाली. दोन खाटा, मोठी खिडकी, बाहेर झाड. मुंबईत मागतील त्यापेक्षा चारशे रुपये वाचले म्हणून आम्ही खूश झालो.

सकाळी स्टेशनवर गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या गाडीत चढता आले नाही. दुसरीही गेली. कागदांची पिशवी छातीशी धरून तात्या तिसऱ्या गाडीत घुसले. गाडी वाटेत दोनदा थांबून राहिली. कोर्टात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वकील काही बोलले नाहीत, पण पुढची तारीख तीन महिन्यांनी पडली. वाचलेल्या चारशे रुपयांत दोघांचे येण्याजाण्याचे भाडेही भागले नाही. वर तीन महिने घोर लागला तो निराळा.

बघा, शहरात खोली घ्यायची ती खोलीसाठी नव्हे. ज्या कामाला आलो, ते काम गाठण्यासाठी घ्यायची. झोपायला माणसाला साडेतीन हात जागा लागते. म्हणून पुढच्या वेळी आम्ही थेट बोरीबंदरला उतरलो, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. तिथून हायकोर्ट चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. दादाभाई नवरोजी रस्त्याने सरळ हुतात्मा चौकात यायचे, तिथून जवळच. ओव्हल मैदानाच्या बाजूला कोर्टाला लागून जो रस्ता जातो, त्याला आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे. ती पाटी तात्यांनी मला थांबवून वाचून दाखवली. तेव्हा ते आपल्या रात्रीच्या वर्गाला नुकतेच जाऊ लागले होते.

स्टेशनजवळच्या एका गल्लीत लॉज मिळाला. खोली आठ फूट बाय दहा फूट. खाट आडवी टाकली की दार अर्धेच उघडे. मोरी खोलीतच, पण इतकी लहान, की अंघोळीला उभे राहिले तर कोपर भिंतीला लागे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. भाडे नऊशे. तात्या म्हणाले, "गुरुजी, आमचा गोठा ह्याच्यापरीस मोठा हाय." पण अंथरूण स्वच्छ होते, पाणी होते, दाराला आतून कडी होती. सकाळी सावकाश चहा घेऊन निघालो आणि दहा वाजता कोर्टाच्या दारात उभे राहिलो. कागद दाखल झाले. काम झाले!

नाचक्की झाली ती संध्याकाळी, आणि ती आमची. पाच वाजता परत येऊन हिशेब मागितला तर मॅनेजरने दोन दिवसांचे अठराशे सांगितले. आम्ही तावातावाने म्हणालो, "अहो, काल रात्री नऊला आलो. चोवीस तास कुठे झालेत?" तो म्हणाला, "इथे दिवस दुपारी बाराला संपतो. खोलीत पाटी आहे." आम्ही म्हणालो, पाटीबिटी काही नाही. खोलीत गेलो. दारामागे खिळ्यावर आमचाच पंचा वाळत होता. तात्यांनी तो उचलला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, "दु-पा-री बा-रा वा-ज-ता." मग म्हणाले, "हितं लिवलंय की, गुरुजी." ते नऊशे रुपये आम्ही आमच्या खिशातून भरले. वकिलाच्या टायपिंगसाठी राखलेल्या तात्यांच्या पैशाला हात लावणे बरे दिसले नसते.

तेव्हा पैसे देण्याआधी विचारा, की दिवस कसा मोजता? काही लॉजमध्ये आल्या वेळेपासून चोवीस तास धरतात. काहींत दुपारी बारा, काहींत सकाळी दहाच. बाराचा नियम असेल तर कामाला निघतानाच खोली सोडा. पिशवी काउंटरवर ठेवून घ्या म्हणावे, बहुतेक ठिकाणी ठेवतात. नाहीतर मोठ्या स्टेशनवर सामानघर असते. तिथे रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते आणि पिशवीला कुलूप लागते. कागद आणि पैसे मात्र पिशवीत ठेवू नका, अंगावर ठेवा.

खोली आधी डोळ्यांनी पाहा. नळ सोडून पाहा, कडी लावून पाहा. लाजू नका, पैसे आपले आहेत. अनामत घेतली तर पावती मागा आणि पावतीवरचा आकडा वाचा. वहीत नाव, गाव, येण्याची वेळ लिहितात, ती वेळ बरोबर लिहिली का तेही पाहा. आता तुम्हाला वाचता येते, तर अंगठा कशाला? ओळखपत्र मागतात, ते द्यावेच लागते. आधारची अशीही प्रत निघते, की तिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ती जवळ ठेवलेली बरी.

कराचेही सांगतो. आम्ही गेलो तेव्हा हजाराच्या आतल्या खोलीला कर नव्हता. जुलै २०२२ पासून तो लागला, शेकडा १२. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला शेकडा ५ झाला. म्हणजे नऊशेच्या खोलीला पंचेचाळीस रुपये. पण जो कर घेतो, त्याच्या बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक छापलेला हवा. क्रमांक नाही तर कर कसला?

लॉजशिवायही सोयी आहेत. पक्के तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनवर रेल्वेची विश्रांतीगृहे मिळतात, त्यांत नुसती खाटही मिळते. ती आधी राखून ठेवावी लागते. दवाखान्याच्या कामाला गेलात तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. मुंबई सेंट्रल स्टेशनवर तर नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ खणांची एक नवलाई सुरू झाली. एकेका खणात एकेक माणूस झोपतो, कपाटात ठेवल्यासारखा! ही कल्पना जपानची. ओसाका शहरात १९७९ साली असे पहिले हॉटेल निघाले. आमचा जीव त्यात घुसमटेल, पण एकट्या तरुण पोराला रात्र काढायला ते वाईट नाही.

लहान जागेला नाक मुरडू नये. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले, की तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. आम्ही तात्यांना ती इमारत लांबून दाखवली. ते चपला काढून उभे राहिले.

आता तात्यांना मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आपला सातारा जिल्हा त्यात आला. सकाळच्या एसटीने जाऊन रात्री घरी येता येते. तरी परवा तारीख पुढे ढकलली आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावले, तेव्हा मुक्काम पडला. आम्ही काउंटरवर पैसे मोजत होतो. तात्या आधी वर गेले, जिन्यावरूनच ओरडले, "गुरुजी, थांबा. हितं दहाचं लिवलंय."