आगंतुकाने काय विचारावे? : विनयपिटकातील एक व्यवहारपाठ

वसतिशाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत शिकावयास जातो, तेव्हा त्याची पहिली परीक्षा महाविद्यालयात नव्हे, तर खोलीच्या दारात होते. परक्या ठिकाणी तात्पुरते कसे राहावे, हा प्रश्न आपल्या धम्मपरंपरेला नवा नाही. भिक्खुसंघ मुळात चारिका करणारा. म्हणूनच विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील ‘वत्तक्खंधक’ या प्रकरणाचा प्रारंभच आगंतुकाच्या, म्हणजे नव्याने आलेल्या भिक्खूच्या, कर्तव्यांनी होतो. विनय हा केवळ भिक्खूंचा विषय, असे समजून आपण उपासकांनी हे प्रकरण बाजूला ठेवले आहे. ते योग्य नव्हे.

नियमामागील प्रसंग बोलका आहे. एका आगंतुकाने रिकाम्या विहाराचे दार घाईने उघडले आणि आत शिरताच वरून साप त्याच्या खांद्यावर पडला. तेव्हापासून ठरले की, आधी दार ठोठवावे, क्षणभर थांबावे, मग कडी काढून बाहेरूनच आत पाहावे. यापुढे येते ती प्रश्नांची यादी. पिण्याचे पाणी कोणते, वापरावयाचे कोणते? निवास कोठे? शौचकूप कोठे? भिक्षेस कोठे जावे, कोठे जाऊ नये? संघाने परस्परसंमतीने काय ठरविले आहे, येण्याजाण्याच्या वेळा कोणत्या? हे सारे आगंतुकाने पहिल्याच दिवशी विचारावयाचे. विचारणे हे त्याचे कर्तव्य होते. आपली मुले मात्र संकोचाने गप्प राहतात आणि महिनाभर नळाची वेळ चुकवितात! अनामत रक्कम किती व ती केव्हा परत मिळणार, वीजबिल भाड्यात धरले आहे काय, रात्री दार किती वाजता बंद होते, खानावळीत सुट्टीच्या दिवसांचे पैसे वजा होतात काय, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे आणि भाडेकरार लेखी घ्यावा.

त्या यादीतील एक प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. ‘सेख’ म्हणून संमत झालेली कुळे कोणती, हेही आगंतुकाने विचारावयाचे असते. श्रद्धा मोठी पण घरात अन्न थोडे, अशा कुटुंबांवर भार पडू नये म्हणून निमंत्रणावाचून तेथे भिक्षा न घेण्याचे संघ ठरवीत असे. आपल्याकडे मुलगा शहरात गेला की मामाच्या किंवा मावशीच्या घरी उतरतो. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसे राहत असतात. मावशी प्रेमापोटी काही बोलत नाही. चार दिवस राहावे. त्यापुढे राहणे आवश्यकच झाले, तर पहिल्याच आठवड्यात शिध्याचा वाटा तिच्या हाती ठेवावा.

खोली शोधताना आडनाव विचारले जाते, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली मिळाली आणि नवल भथेनांसारखा जन्मभराचा मित्रही मिळाला. तेच बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना दुसऱ्या नावाने पारशी पथिकाश्रमात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. त्या वेळी त्यांच्यापुढे अन्य मार्ग नव्हता. आजच्या विद्यार्थ्यापुढे तो आहे. म्हणून ओळख दडवून खोली घेऊ नये; रोजची धास्ती अभ्यास खाऊन टाकते. प्रथम शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. रक्कम हाती येण्यास विलंब होतो, हे धरून पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याची तजवीज पालकांनी आधीच करावी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

घरी केव्हा जावे? वर्षावासात तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचे बंधन असतानाही भिक्खूला सात दिवसांपुरते बाहेर जाण्याची मुभा होती. आई किंवा वडील आजारी असल्याचे कळले, तर बोलावणे आले नसले तरी जाता येई; इतर आप्तांकडे मात्र बोलावणे आल्यावरच. पालकांनी ही मर्यादा ध्यानात घ्यावी. प्रत्येक लग्नाला, जावळाला मुलास बोलावून घेतले, तर सत्र हातचे जाते. आजारपण मात्र ‘अभ्यास बुडेल’ म्हणून लपवू नये. मुलांना ते शेजाऱ्यांकडून कळते आणि मग त्यांचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो.

वत्तक्खंधकात आवासिकाचीही, म्हणजे आधीपासून तेथे राहणाऱ्याचीही, कर्तव्ये आहेत. ज्येष्ठ पाहुण्यास आसन व पाय धुण्यास पाणी द्यावे. उपसंपदेने धाकटा आला, तर बसल्या जागेवरून का होईना, त्याला पात्र कोठे ठेवावे, पाणी कोठे, निवास कोठे हे सांगावे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शहरांत स्थिरावले आहेत. ते आवासिकच होत. आपल्या भागातील विश्वासू खानावळ, सरळ व्यवहाराचा घरमालक, समाजकल्याण कार्यालयाचा पत्ता एवढे एका कागदावर लिहून निकालापूर्वी शाळेकडे पाठविले, तरी जूनमध्ये येणाऱ्या मुलाचे पहिले पंधरा दिवस वाचतील.

आणि निघणाऱ्याने, म्हणजे गमिकाने, लाकडी व मातीची भांडीकुंडी आवरून, दारेखिडक्या लावून, निवास कोणाच्या तरी स्वाधीन करून निरोप घ्यावयाचा असतो. आपण खोली सोडताना वीजबिलाची पावती घ्यावी, किल्ली मालकाच्या हाती द्यावी आणि अनामत रक्कम त्याच वेळी मोजून घ्यावी.