पदवीचा सन्मान : तो कसा ठरतो, कोठे हुकतो

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके होत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाडा येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय असल्यामुळे पदवीचे शिक्षण आता तालुक्याच्या ठिकाणीच घेता येते. दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. घराण्यातील पहिले पदवीधर ठरणारे विद्यार्थी येथे शिकतात. पदवीबरोबर कोणते सन्मान मिळतात आणि ते कोणत्या हिशेबाने ठरतात, हे घरी सांगणारे कोणी नसते. ही माहिती तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळून उपयोग नसतो, कारण सन्मानाचा हिशेब पहिल्या सत्रापासूनच सुरू झालेला असतो.

सन्मानाचे दोन प्रकार

विद्यापीठीय सन्मानांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार मापाचा. ठरावीक गुण मिळविणाऱ्या प्रत्येकास तो मिळतो. प्रथम वर्ग, विशेष प्रावीण्य किंवा वरची श्रेणी ही त्याची उदाहरणे होत. दुसरा प्रकार क्रमांकाचा. सुवर्णपदक किंवा दात्याच्या नावाचे पारितोषिक एखाद्या विषयात पहिल्या आलेल्या एकाच विद्यार्थ्यास दिले जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे 'सन्मानासह', 'मोठ्या सन्मानासह' आणि 'सर्वोच्च सन्मानासह' अशा अर्थाचे लॅटिन शब्द पदवीपत्रावर घालतात. तेथेही काही ठिकाणी गुणांची मर्यादा पाहतात, तर काही ठिकाणी वर्गातील वरचा हिस्सा निवडतात.

पदक एकालाच मिळणार असते. परंतु मापाचा सन्मान कितीही विद्यार्थ्यांना मिळू शकतो. त्यामुळे दुर्गम भागातील महाविद्यालयाने आपले लक्ष प्रथम या दुसऱ्या वाटेकडे द्यावे, हे उचित होय.

गुण आणि नियम

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८६२ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेतून महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे पदवीधर बाहेर पडले. मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्याशी या परंपरेतील आणखी एक नाव निगडित आहे. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी उत्तम गुणांनी परीक्षा दिली. पण इंग्लंडमधील शिक्षणासाठीची शासकीय शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या साह्याने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसल्या. स्त्रियांना पदवी देण्यास त्या विद्यापीठाने १९२० मध्ये आरंभ केला आणि सोराबजींच्या हाती पदवी पडली ती १९२२ मध्ये.

गुण मिळविणे आणि सन्मान हाती पडणे यांत किती अंतर राहू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. स्त्रियांना अडविणारा तो नियम आज उरलेला नाही. आजची अंतरे वेगळ्या कारणांनी पडतात आणि ती बव्हंशी टाळता येण्याजोगी आहेत.

श्रेणीचा हिशेब

पूर्वी एकूण गुणांची टक्केवारी पाहून वर्ग दिला जाई. आता प्रत्येक विषयास श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ठरवून दिलेले असतात आणि मिळालेल्या गुणांनुसार दहापैकी श्रेणीबिंदू मिळतात. श्रेयांक आणि श्रेणीबिंदू यांचा गुणाकार करावा, सर्व विषयांची बेरीज करावी आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या सत्राची सरासरी होय.

समजा, एका सत्रात २२ श्रेयांक आहेत. चार श्रेयांकांच्या चार विषयांत एका विद्यार्थिनीस ९, ८, ८ व ७ बिंदू मिळाले. दोन श्रेयांकांच्या तीन विषयांत ९, ९ व १० मिळाले. पहिल्या गटाची बेरीज १२८, दुसऱ्याची ५६, एकूण १८४. त्यास २२ ने भागले असता सरासरी ८.३६ येते. आता चार श्रेयांकांच्या एका विषयात ८ ऐवजी ४ बिंदू मिळाले, तर बेरीज १६८ होऊन सरासरी ७.६४ वर उतरते. तेवढेच बिंदू दोन श्रेयांकांच्या विषयात कमी झाले असते, तर ती ८ राहिली असती. अभ्यासाचा वेळ कोठे द्यावा, हे या गणितावरून विद्यार्थ्यास समजते.

ऑनर्स पदवी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली आहे. एका वर्षाच्या ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दोन वर्षांच्या ८० ते ८८ वर पदविका, तीन वर्षांच्या १२० ते १३२ वर पदवी आणि चार वर्षांच्या १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वा तत्सम काम जादा पुरे करावे लागते. म्हणजे 'ऑनर्स' हा आता केवळ अधिक गुणांचा मान राहिला नसून अधिक अभ्यासाचा टप्पा झाला आहे.

संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यावयाची असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. सर्व सत्रे समान धरली आणि पहिल्या सत्रात ६० टक्केच मिळाले, तर उरलेल्या पाच सत्रांत सरासरी ७८ टक्के मिळवावे लागतील. पहिल्या सत्राची उणीव भरून निघते, पण त्यासाठी पुढे अधिक श्रम पडतात.

सन्मान कोठे हुकतो

दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर स्थलांतर करतात. कुटुंबाबरोबर गेलेल्या विद्यार्थ्याचे तास बुडतात, प्रसंगी परीक्षाही बुडते. राहिलेला विषय पुढे सुटतो. परंतु पदके व पारितोषिके सामान्यतः पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यास दिली जातात. दुसरी अडचण कागदपत्रांची. शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारपत्र यांवरील नावात फरक असला, की पुढील काम अडते. तिसरी अडचण मुदतीची. उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठीचे अर्ज विहित मुदतीतच करावे लागतात. चौथी अडचण चौथ्या वर्षाची. हे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात व प्रत्येक विषयात असेलच असे नाही. त्यासाठी अन्यत्र जावे लागू शकते.

आपण काय करावे

शिक्षकांनी पहिल्या सत्राच्या आरंभीच वरील हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. शैक्षणिक श्रेयांक पेढीत प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते उघडले आहे आणि त्यातील नाव अचूक आहे, याची खात्री करून घ्यावी. मध्येच बाहेर पडावे लागलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते व एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते, हे त्याला आवर्जून सांगावे.

प्रकल्प कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी चौथ्या वर्षासाठी बाहेर जाणाऱ्यांना शासकीय वसतिगृहाची माहिती वेळेवर द्यावी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. तिचाही लाभ पोहोचवावा.

ग्रामपंचायत सदस्यांचे काम याहून सोपे आणि तितकेच मोलाचे आहे. नावातील चुका दुरुस्त करण्यास साह्य करावे. परीक्षेच्या काळात विद्यार्थी गावात राहू शकेल, अशी व्यवस्था स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाशी बोलून करावी. विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह मुंबईत, येथून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. प्रत्येक पालकाला तेथे जाणे शक्य नसते. म्हणून गावच्या नव्या पदवीधरांची नावे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. त्या यादीत मुलींची नावे असतील, तेव्हा ती ऐकणाऱ्या आईबापांना धाकटीला शाळेतून काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावासा वाटेल.